वाईट शब्द ठार मारणारी फळी

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मित्रांनो, इंग्रजी भाषेत जेवढे म्हणून वाईट शब्द आहेत तेवढे सगळे मी एका आठवड्यात ठार मारले आहेत. हसू नका. हातोड्या खाली ठेवा, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं खिशात टाका आणि नीट बसा. आज ईस्टरआधीचा मोठा गुरुवार आहे. आजपासून रविवारच्या पहाटेपर्यंत त्या पितळी घंटेचं तोंड बंद. हे तीन दिवस माझे आहेत, तेव्हा मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार.

मी एक जुनी तोआका आहे. ज्याला कौतुक नाही तो मला फळी म्हणतो. मॅपलच्या लाकडाची, पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, आणि हातोड्यांनी वाजवायला चर्चच्या मनोऱ्यात दोन साखळ्यांवर आडवी टांगलेली. मला तासणाऱ्या सुताराने झाड उभं असतानाच त्याला कान लावून टकटक केली होती म्हणे. जे झाड उलट उत्तर देत नाही त्याची तोआका होत नाही, असं तो म्हणायचा. मी उलट उत्तर दिलं, आणि तेव्हापासून देतेच आहे.

माझे उमेदीचे दिवस काय वर्णावेत! प्रार्थनेची हाक माझी. गारांचा ढग डोंगरावर दिसला की धावपळ करून मलाच बडवायचे. एकदा मी असा ढग परतवला, असा परतवला, की तो पलीकडच्या खोऱ्यात जाऊन कोसळला आणि तिथले लोक काठ्या घेऊन आमच्या पाद्रीबुवांकडे भांडायला आले. बायका माझ्या कडेवर हात फिरवून तो हात तापलेल्या लेकरांच्या कपाळाला लावायच्या.

आणि माझा खरा मान तर शिवीतच आहे. आमच्या इझवोरेल गावात नरकातल्या त्या शिंगवाल्याचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं की तो मान वळवून बघतो. म्हणून म्हणायचं, 'तो, ज्याला तोआका मारो.' मेंढरू दरीत पडलं तरी तो, ज्याला तोआका मारो. सून उलटून बोलली तरी तोच. दिवसातून इतक्यांदा मला खुनाचं काम सांगतात, आणि कुणी तेल म्हणून लावत नाही.

कारण पुढे घंटा आली. मग घंटेच्या डोक्यावर कर्णा आला. आता शहरातल्या घंटांचा आवाज एका डबीत भरून आणलाय, तो कळ दाबली की वाजतो. माझ्यावर पारवे बसू लागले. ते बसतात त्याबद्दल माझी तक्रार नाही. बसून ते जे करतात त्याबद्दल आहे.

"शब्द कधी मारलेस ते सांग," रुक्संद्रा म्हणतेय. ही पहिल्या पायरीवर बसलेली, दोन वेण्यांची. सांगते. पण रुक्संद्रा, ही गोष्ट तुझ्या आजीची आहे आणि तेव्हा तू इटलीत आईच्या पोटात होतीस. म्हणून मध्ये बोलायचं नाही.

तर मित्रांनो, हिच्या आजीचा, सावेताचा, नवरा गव्रिला इंग्लंडात गेला होता. घरं बांधायच्या कामावर. इथल्या अर्ध्या घरांची छपरं तिकडच्या कामातूनच आली आहेत, त्यात नवल काही नाही. फेब्रुवारी सरता सरता तो परांचीवरून पडला. त्याच्या सोबत्याने फोन करून एवढंच कळवलं, की दवाखान्यात ठेवलाय, धड शुद्धीत नाही, आणि आता दवाखानाच तुमच्याशी बोलेल. तो सोबती दुसऱ्या शहरात कामाला निघून गेला.

आता बघा सावेताची अडचण. मेंढ्या विण्याचे दिवस. दर पहाटे गोठ्यात दोन-चार कोकरं ओली पडलेली, त्यातलं एखादं उलटं अडकलेलं. घरात दुसरं माणूस नाही. मुलगी गरोदर आणि दूर इटलीत. गव्रिला बरा होत असला तर वीण उरकून जावं. बरा नसला तर आजच्या आज निघावं. मेंढ्या सोडून धावली आणि तो पाय प्लास्टरमध्ये घालून बिस्किटं खात बसलेला सापडला, तर वर्षाचा कळप गेला. थांबली, आणि तिकडे... पुढचं ती बोलत नसे. तिला एकच गोष्ट कळायला हवी होती, वाईट आहे की नाही. आणि ती सांगणारे इंग्रजीत सांगणार होते.

मोबाइलची रेंज या खोऱ्यात एकाच जागी येते. माझ्या शेजारी. ती माझ्यामुळे येते की मनोऱ्याच्या उंचीमुळे, यावर मी भांडणार नाही. पण माझ्यामुळेच येते.

गावात इंग्रजी येणारा माणूसही एकच होता, पाम्फिल मास्तर. मास्तर नावाचाच. जन्म गेला कोन्स्तांत्सा बंदरातून सुटणाऱ्या मालवाहू बोटीवर बटाटे सोलण्यात. जगातल्या सगळ्या बंदरांत त्याने शिव्या खाल्ल्या होत्या आणि एकही फुकट घालवली नव्हती.

"वहिनी, मला चांगलं इंग्रजी येत नाही," तो आधीच म्हणाला. "चांगले शब्द मला कुणी वापरलेच नाहीत. पण वाईट म्हणाल तर माझ्याकडे पोतंभर आहेत."

"मला वाईटच हवेत, मास्तर," सावेता म्हणाली. "चांगलं असलं तर ते हसून सांगतील, मला आवाजावरून कळेल. वाईट असलं तर शब्द ओळखता आला पाहिजे."

"मग चला तुमच्या घरी. होरिंकेचा घोट मिळेल ना? घसा कोरडा ठेवून शिकवता येत नाही."

"घरात? मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का? चुलीवर मक्याची मामालिगा रटरटतेय, गोठ्यात गाभण्या मेंढ्या, आणि तिथं बसून मी दुखण्याखुपण्याची नावं घेऊ? मक्याच्या पिठात मिसळतील ती. कोकरांना चिकटतील."

"इंग्रजी शब्द आहेत, वहिनी. आपल्या कोकरांना काय कळतंय?"

"वाईटाला सगळ्या भाषा येतात," सावेता म्हणाली.

आणि दोघं वर आली, माझ्याकडे. वाईट शब्द उच्चारायला माझ्याइतकी सुरक्षित जागा कुठली? शब्द तोंडातून निघाला की तीनदा थुंकायचं, थू-थू-थू, आणि माझ्यावर ठोका द्यायचा. तो तिथल्या तिथे मेला. शिक्षण सुरू झालं.

मास्तरची शिकवण्याची तऱ्हा मला आवडली. "आपल्या भाषेत वाईटाला एकच शब्द, राऊ," तो म्हणाला. "पोटात ढवळलं तरी राऊ. बोट लागली तरी राऊ. माणूस हलकट निघाला तरी राऊ. कुणाचं मेलं, तुम्हाला हळहळ वाटली, तरी तोच राऊ. एका पातेल्यात सगळं. इंग्रज तसा नाही. त्याने एकेका वाईटाला वेगळं भांडं ठेवलंय. पोटात ढवळलं तर सिक. माणूस हलकट, तर नॅस्टी. अंडं नासलं तर रॉटन. आणि तो, ज्याला ही मारो, त्याच्या घरचं असेल तर ईव्हिल."

"थू-थू-थू," सावेता. ठोका.

"हळहळ वाटली तर सॉरी. पण सॉरी ऐकून घाबरू नका. ते पायावर पाय पडला तरी म्हणतात, दार उघडलं तरी म्हणतात. एकदा एक इंग्रज खांबाला धडकला आणि खांबाला सॉरी म्हणाला. मी पाहिलंय."

"मग घाबरू कशाला?"

"पेनला. इन्फेक्शनला. ब्लीडिंगला. आणि एक जिना आहे तो पाठ करा. बॅड, म्हणजे वाईट. वर्स, म्हणजे एक पायरी खाली. वर्स्ट, म्हणजे त्याच्या खाली पायरीच नाही."

"आणि त्याच्याही खालचं?" सावेताने विचारलं.

मास्तरने टोपी काढली, परत घातली. "डाय," तो इतक्या हळू म्हणाला, की मला वाऱ्याची झुळूक वाटली. "होत असलं तर डाइंग."

सावेता थुंकली नाही. दोन्ही हातोड्या उचलून तिने मला असं बडवलं, असं बडवलं, की खाली घराघरांतून म्हाताऱ्या मेणबत्त्या पेटवून बाहेर आल्या. कोण गेलं, कोण गेलं! आमचा घंटा वाजवणारा इफ्तिमिये अर्धी दाढी केलेला, तोंडाला फेस, तसाच जिना चढून आला.

"अगं बाई, अवेळी तोआका? गावात मयत कोण?"

"मयत कुणी नाही. एक शब्द होता," सावेता म्हणाली.

"शब्द मारायला बोटाचं पेर पुरे! हातोड्या देवाच्या आहेत!"

तेव्हापासून ती बोटाच्या पेरानं ठोकायची. रोज संध्याकाळी दूध काढून झालं की वर यायची आणि सगळे शब्द ओळीनं म्हणून दाखवायची. पेरं सोलवटली होती. म्हणताना तिचे डोळे त्या दरीतून जाणाऱ्या रस्त्यावर असायचे.

मग फोन आला. दुपारची वेळ. पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या. आवाज कसा, तर गरम दुधात पाव भिजवावा तसा. मी कान लावून ऐकत होते. लाकडाला कान नसतात असं म्हणणाऱ्यांनी सारंगी कधी ऐकलेली नसते. बाई म्हणाल्या, गव्रिला कम्फर्टेबल आहे. रात्र जराशी अवघड गेली. आम्हाला थोडी काळजी वाटते. आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवून आहोत.

सावेता ओठ हलवत एकेक शब्द आपल्या यादीशी ताडून बघत होती. पेन नाही. वर्स नाही. तो खालचा तर नाहीच. फोन ठेवला आणि ती तिथंच खाली बसली.

"मास्तर! एकही आला नाही! एकसुद्धा नाही!"

"कम्फर्टेबल म्हणाल्या? अहो वहिनी, कम्फर्टेबल म्हणजे गादीवर पाय पसरून! आमच्या बोटीवर फक्त कप्तान कम्फर्टेबल असायचा!"

त्या संध्याकाळी होरिंकेची बाटली उघडली. मास्तरने दोन पेले घेतले आणि तिसरा गव्रिलाच्या नावाने घेतला. सावेताने नवऱ्याला आवडतं ते खारवलेलं चीज कापून शेजाऱ्यांत वाटलं. वीण उरकायला आठ-दहा दिवस होते. ती म्हणाली, मग जाईन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. तो शांत आहे. अशा वेळी जितकं बरं असावं तितका बरा आहे. आणि तुम्हाला येऊन त्याला भेटावंसं वाटत असेल तर जरूर या. पुन्हा यादीतला एकही शब्द नाही. बाकीचं शेजारी उभ्या मास्तरने जमेल तसं उलगडून सांगितलं. सावेताने "थँक यू" म्हटलं आणि जिना उतरू लागली.

खाली इफ्तिमिये मेंढ्यावर ओरडत होता. तो मेंढा चर्चच्या कुंपणातून आत शिरून थडग्यांवरची फुलं खात होता. "अरे मेंढ्या, फुलं खातोस? तुझ्या शिंगात तो बसलाय, तो, ज्याला तोआका मारो! हाकला रे त्याला!"

सावेता जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "हा मेंढ्याला मेंढा म्हणाला. फुलांना फुलं म्हणाला. मग त्याचंच नाव का नाही घेतलं?"

"कारण घेत नाहीत. जवळ येतो."

"आणि जो आधीच जवळ आलाय, त्याचं तर अजिबात नाही घेत. माझी सासू चार महिने अंथरुणाला होती. आम्ही तिच्या दुखण्याला काय म्हणत होतो? 'ते जरा कमरेचं.' पाद्रीबुवाला बोलावलं त्या दिवशीसुद्धा 'ते जरा कमरेचं.'" ती कठड्याला धरून उभी राहिली. "हे इंग्रजसुद्धा तसेच आहेत, मास्तर. नासलेल्या अंड्याला त्यांच्याकडे शब्द आहे, पावसाला आहे, खडूस मालकाला आहे. पण ही बाई दोन दिवस सरळ काही बोलत नाही. जरासं, थोडंसं, जितकं बरं असावं तितकं. तिने काय झाकलंय?"

"काहीतरीच काय वहिनी! मी वीस बंदरं फिरलो. इंग्रज तोंडावर बोलतो, नाव घेऊन बोलतो, आईबहिणीसकट बोलतो!"

"बंदरात कोण मरत होतं, मास्तर?"

पाम्फिल मास्तरने टोपी काढली. या वेळी परत घातली नाही.

सावेता वर आली. तिने स्वतः फोन लावला. कितीतरी वेळ फोनातून वाजंत्री वाजत राहिली, एक माणूस दुसऱ्याकडे देई, दुसरा तिसऱ्याकडे. ती प्रत्येकाला नवऱ्याचं नाव सांगे, एकेक अक्षर सोडवून. शेवटी त्या बाई आल्या. पुन्हा दुधात पाव भिजू लागला, हो, तो अगदी कम्फर्टेबल आहे...

"नो," सावेता म्हणाली. "नो कम्फर्टेबल. प्लीज. इज ही डाइंग?"

ती थुंकली नाही. तिने बोटाचं पेरही उचललं नाही. मी तिच्या कानाजवळ टांगलेली होते, ठोका घ्यायला तयार होते, आणि तिने मला हातसुद्धा लावला नाही. शब्द तिनं जिवंत सोडला आणि जाऊ दिला, एवढ्या लांब, त्या बाईंपर्यंत.

तिकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बाई बोलल्या, आणि आता आवाज साधा होता, माणसाचा. "यस," त्या म्हणाल्या. "आय थिंक सो. आय ॲम सो सॉरी. कॅन यू कम टुडे?"

हे खांबाला म्हटलेलं सॉरी नव्हतं. मास्तरला न विचारता सावेताला ते कळलं.

मग काय सांगू! जिना उतरता उतरता ती मास्तरला सूचना देत होती. काळ्या कानाची मेंढी पहिलटकरीण आहे, तिच्याजवळ रात्री बसा. कोकरू उलटं आलं तर हात तुपाने माखून आत घाला, ओढू नका, वळवा.

"अहो वहिनी, मी बटाटे सोलणारा माणूस! मला मेंढी..."

"बटाट्यासारखंच आहे. फक्त ते ओरडतं."

"आणि मेलं एखादं तर?"

"तर मेलं म्हणून सांगा मला. 'जरा कमरेचं' म्हणू नका," ती म्हणाली, आणि पावाच्या गाडीला हात करून तीत बसली. अंगावर गोठ्यातलीच ओढणी होती. पाव पोचवायला आलेला ड्रायव्हर तिला थेट क्लुजच्या विमानतळावर घेऊन गेला आणि त्या दिवशी तीन गावांनी शिळा पाव खाल्ला. कुणी तक्रार केली नाही.

आता मित्रांनो, माझा पराक्रम. तो शब्द इंग्लंडात जाऊन पोचला, आणि त्याच क्षणी माझ्या अंगात कडाड्कन आवाज झाला. ही बघा भेग, या टोकापासून मधल्या भोकापर्यंत. का पडली? मी तो शब्द मागून जाऊन गाठला. समुद्रावरून गेले म्हणा, ढगांवरून गेले म्हणा. दवाखान्याच्या दारात त्याला अडवलं आणि जो घाव गव्रिलावर पडायचा तो अंगावर घेतला. तिकडे गव्रिलाने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय म्हणाला? "मामालिगा कुठंय?" डॉक्टरीणबाईंच्या हातून चमचा पडला. महिन्याभरात तो सावेताचा हात धरून गावात आला, आपल्या पायांनी हा जिना चढला, आणि असाच मोठा गुरुवार होता, त्यानं मला असं वाजवलं की इफ्तिमियेच्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत. तुमच्यापैकी कुणी तेव्हा नव्हतं, म्हणून तुम्हाला आठवत नाही.

म्हणून माझी विनवणी आहे, मित्रांनो. आम्हा जुन्या माणसांना आणि फळ्यांना जरा जपा. पारव्यांना हुसका. वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा, लाकूड त्यावर जगतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्याला वाईट कळायला हवं त्याच्यापासून ते गोड बोलून लपवू नका. वाईटाचं नाव घेतल्यानं वाईट होत नाही. नाव न घेतल्यानं माणूस मेंढ्यांपाशी थांबून राहतो. सरळ सांगा. घाबरू नका. माझ्याकडे बघा, मी एवढं सगळं सरळ सांगितलंच ना तुम्हाला?

"नाही सांगितलंस," रुक्संद्रा म्हणाली.

सगळी मुलं तिच्याकडे बघायला लागली. कुणाच्या तरी दाताखाली बी फुटली.

"भेग तुला उन्हानं पडली आहे. आणि आजोबा या जिन्यावर चढले नाहीत. आजी पोचली तेव्हा त्यांनी तिला ओळखलं. काळ्या कानाची व्याली का, म्हणून विचारलं. तिने रात्रभर त्यांचा हात धरून ठेवला, आणि सकाळी ते मेले. मेले, असं म्हण ना."